गंजावर कोरलेलं नाव

मीरा रोडच्या हाटकेश भागात लहानसहान कारखान्यांच्या रांगेत दशरथ पाष्ट्यांचा गाळा आहे. आत एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि भिंतीवर ओळीनं टांगलेल्या चाळीसेक कानशी. गुहागरकडचा हा माणूस अठराव्या वर्षी एका कंपनीच्या टूलरूममध्ये शिरला आणि फिटर म्हणूनच निवृत्त झाला. मग घरात बसवेना, म्हणून गाळा घेतला. लोखंडाला लोखंड असं बसवायचं की मधून केससुद्धा जाता कामा नये, ही त्यांची विद्या. तिचा त्यांना थोडा ताठाही होता.

मार्चमधल्या एका सकाळी संचिता नावाची तिशीतली बाई त्यांचा पत्ता विचारत आली. राहणारी मीरा रोडचीच, बँकेत नोकरीला. तिनं टेबलावर लाकडी पेटी ठेवली आणि उघडली. आत जुनं पिस्तूल!

दशरथकाका दोन पावलं मागे सरले. "ताई, हे काय आणलंत? उद्या पोलीस येतील माझ्या दारात."

"सगळे कागद आहेत, काका." तिनं पोलीस ठाण्याचं पत्र पुढे केलं. "बाबांना जुन्या वस्तूंचा नाद होता. ते दिवाळीत गेले. परवा एक व्यापारी बघून म्हणाला, ही अलीकडची नक्कल आहे, तुमचे वडील फसले. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. मला विकायचं नाहीये, फक्त खरं काय ते कळू दे."

"अहो, पण मी जन्मात कधी पिस्तूल हातात धरलं नाही."

"लोखंड तर धरलंय ना?"

काकांनी आधी नळीत बारीक सळई घालून ती रिकामी असल्याची खात्री केली. मग बाजूची पट्टी सोडवली आणि आतला एकेक भाग पांढऱ्या फडक्यावर मांडला.

स्क्रूंचे आटे मोजायला त्यांनी दातेरी पट्टी लावली. एकही माप जुळेना. एका स्क्रूचे आटे दुसऱ्यासारखे नव्हते. "काम ओबडधोबड दिसतंय," ते पुटपुटले. पण भिंगाखाली धरल्यावर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर छिन्नीच्या बारीक खुणा दिसल्या. एकावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. तेवढ्याच खुणा ज्याच्या त्याच्या भोकाशेजारी होत्या.

त्यांनी दोन नंबरचा स्क्रू तिसऱ्या भोकात लावून पाहिला. एक वेढा गेला आणि अडकला. त्याच्या स्वतःच्या भोकात मात्र तो दोन बोटांनी, लोण्यात फिरावा तसा शेवटपर्यंत गेला.

काका स्टुलावर बसलेच.

"काय झालं, काका?"

"ताई, मशीनवर काढलेले स्क्रू सगळे एकसारखे येतात. हे हातानं केलेत. एकेक स्क्रू त्याच्या एकट्याच्या भोकासाठी." मग त्यांनी घोड्याचा सांधा जुळवून ट्यूबलाइटसमोर धरला. मधून उजेडाची रेघसुद्धा येत नव्हती. "बघा हे! लेथ नाही, मायक्रोमीटर नाही, वीज नाही. निव्वळ कानस आणि डोळा. कसला हात असेल त्या माणसाचा!" नकळत त्यांनी फडक्यावरच्या त्या तुकड्यांना हात जोडले.

"म्हणजे अस्सल आहे?"

"थांबा जरा." पट्टीच्या बाहेरच्या अंगाला एका इंग्रज कारागिराचं नाव कोरलेलं होतं. काका बराच वेळ भिंगातून पाहत राहिले. मग त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं. "गंजानं पडलेले खड्डे दिसतायत? आता अक्षरं बघा. त्यांच्या रेघा खड्डे कापत गेल्यात आणि तळाला लख्ख आहेत. म्हणजे गंज आधीचा, नाव नंतरचं. कोणीतरी मोठं नाव चिकटवलंय याला."

संचिताचा चेहरा उतरला. "मग बाबा फसलेच की."

"नावापुरते फसले. पिस्तूल जुनंच आहे, आणि आतला एकही भाग बदललेला नाही. ते ज्यानं घडवलं तो कोण, कुठला, देव जाणे. पण मी चाळीस वर्षं हेच काम केलं ताई, आणि मला हे जमलं नसतं."

डोळे पुसून तिनं पुन्हा भिंग लावलं आणि त्या खुणा एकेक करून पाहिल्या. "बाबा रविवारी हे उघडून तासन्‌तास बघत बसायचे," ती म्हणाली. "आम्ही हसायचो त्यांना."

काकांनी सगळे भाग खुणांप्रमाणे जागच्या जागी बसवले आणि पेटी तिच्या हवाली केली.

दुसऱ्या दिवशी लेथ बंद ठेवून ते लोखंडाची कांडी आणि सर्वांत बारीक कानस घेऊन बसले. तसा एक स्क्रू हातानं करून बघायचा होता. डबा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोनं, सुगंधाकाकूंनी विचारलं, "कोणाची ऑर्डर आहे?"

"कोणाची नाही गं. शिकतोय."

चौथ्या दिवशी स्क्रू झाला. त्याच्यासाठी एका पट्टीत आटे पाडून केलेल्या भोकात तो अर्ध्यापर्यंत गेला आणि अडकला. काका मनापासून हसले आणि त्यांनी दुसरी कांडी घेतली.