एका हायड्रोजनसाठी मार्कंड्यापर्यंत

निकाल मेलवर कळवता आला असता. पण ज्यांनी मला प्रथिनांचे स्फटिक वाढवायला शिकवलं, त्यांना 'सर, तुम्ही चुकलात' असं लिहायला हात धजेना. शेवटी सुट्टी टाकली आणि पुण्याहून एकटीच निघाले.

वाद एका हायड्रोजनचा होता. आमच्या एन्झाइमच्या खाचेत दोन अमिनो आम्लं समोरासमोर येतात; तो त्यातल्या हिस्टिडीनवर बसतो, असं सर म्हणायचे. मी म्हणायचे, समोरच्या ॲस्पार्टेटवर. क्ष-किरणांना दिसतात ते इलेक्ट्रॉन, आणि हायड्रोजनकडे एकच असल्यामुळे तो जवळपास दिसतच नाही. न्यूट्रॉन अणूच्या केंद्रावरून विखुरतात, त्यांना तो सापडतो. मात्र स्फटिक चांगला मोठा लागतो. तो वाढेपर्यंत सर निवृत्त होऊन गावी, गडचिरोलीतल्या मार्कंड्याला गेले. हायड्रोजनची जागा ठळक दिसावी म्हणून मी स्फटिक जड पाण्यात मुरवला, न्यूट्रॉनसाठी परदेशातल्या अणुभट्टीवर नेला. हायड्रोजन ॲस्पार्टेटवर निघाला.

चंद्रपूरला सकाळी उतरलात तर तर्री-पोहे खाऊनच मूलमार्गे चामोर्शीची एसटी धरा. रस्ता बरा आहे. आधी सागाचं जंगल, मग धान कापून झालेल्या रिकाम्या बांध्या. मी खिडकीशी बसून सरांना सांगायचं वाक्य जुळवत होते. चामोर्शीहून ऑटो मिळतो, भाडं आधी ठरवा. जत्रा नसली की मार्कंड्याच्या देवळांत माणूस दिसत नाही.

दार सरांच्या बहिणीने, सुमनबाईंनी उघडलं.

"काऊन बाई, एकटीच आली? जेवली नसशीन."

वरण-भात आणि वांग्याची भाजी खाऊन होईतो सर बाहेरून आले. किती वाळले होते! मी लॅपटॉप उघडला. ते पडद्याजवळ वाकले.

"म्हणजे हिस्टिडीनवर नाईच?"

"नाही, सर."

"पुन्हा तपासलं?"

"तिघांनी, वेगवेगळं."

त्यांनी चष्मा काढला. "मले वाटे, हे पाहायला मी राहतो का नाई. तू दाखवलं, बरं झालं." मग आत बघून म्हणाले, "सुमन, मी हारलो न वं!"

"हारला त हारला, भाऊ. चहा ठेवू का?"

आम्ही तिघंही हसलो.

संध्याकाळी सरांबरोबर वैनगंगेवर गेले. पाणी कमी होतं, वाळू लांबपर्यंत. मी पुढच्या प्रयोगाचं बोलत राहिले आणि ते प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणत राहिले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

आता पुण्यात आहे. शोधनिबंध छापून आला, कौतुक झालं. सर पूर्वी रविवारी फोन करायचे ते भांडायलाच. फोन अजूनही येतो; थंडी किती, सुमनचा गुडघा कसा आहे, एवढंच. परवा मी मुद्दाम एक साफ चुकीचा मुद्दा काढला आणि वाट पाहिली.

"तू म्हणशीन तसं," सर म्हणाले.