पत्रातलं कारण

इस्पितळातल्या संख्याशास्त्रज्ञ बाईंना सगळे सरासरीबाई म्हणत. लकवा झालेल्यांसाठी व्यायामाच्या वॉर्डात तीसच खाटा. त्या कुणाला द्यायच्या, हे सव्वीस वर्षं बाईंचं समीकरण ठरवत होतं. वय, आजाराचे दिवस, घरी सांभाळणारं माणूस, रोजचा व्यायाम. आणि तळाशी बारीक अक्षरात, यात चूक किती होऊ शकते.

मग संगणकाचं नवं मॉडेल आलं. ते जास्त अचूक आहे, हे बाईंनीच तपासून मान्य केलं. पण ते कारण सांगत नसे, आणि कारणाशिवाय नकार देणं नियमात बसत नव्हतं. तेव्हा बाईंचं समीकरण मॉडेलच्या निर्णयांवर बेतून घेतलं गेलं. निर्णय मॉडेलचा, कारण बाईंचं. शंभरात ब्याण्णव वेळा दोन्ही जुळत. उरलेल्या आठांना त्यातल्या त्यात जवळचं कारण चिकटवायचं.

"नकाराच्या पत्रात तळाशी तेवढं लिहू या ना, शंभरात आठदा कारण जुळत नाही म्हणून," बाई म्हणाल्या.

"काय? की आम्हालाच कळलं नाही?" अधीक्षक हसले. "अहो बाई, पत्र पाठवतोय, कबुलीजबाब नव्हे."

पुढे बाईंचा धाकटा भाऊच उजव्या अंगाने लुळा पडला. मॉडेलने अर्ज नाकारला. समीकरणाने खाट दिली असती. म्हणजे तो आठांतला. पत्रात कारण आलं: घरी सांभाळणारं माणूस आहे. खाली सही बाईंची.

"वन्सं, मी घरात आहे म्हणून खाट नाही?" भावजयीने विचारलं.

"तसं लिहिलंय खरं," बाई म्हणाल्या. याहून जास्त बोलायचं, तर सव्वीस वर्षांची सही खोटी पडत होती.

भावजय आपल्या बहिणीकडे राहायला गेली. घरी सांभाळणारं कुणी नाही, असा दाखला आणून तिने पुन्हा अर्ज भरला.

"ताई, बायको पळाली की खाट मिळते म्हणे," भाऊ वाकड्या तोंडाने म्हणाला.

त्याचे हातपाय दिवसातून दोनदा हलवून घेणारी तीच होती. आता शेजारी डबा ठेवून जात, बाई रविवारी येत. दीड महिन्यात त्याची बोटं तळव्यात मिटली.

दुसराही नकार आला. कारण: मधल्या काळात व्यायाम बंद. बाईंनी दोनदा पडताळून पाहिलं. या वेळी मॉडेल आणि समीकरण, दोन्ही तंतोतंत जुळत होती. कारण खरं होतं. त्यांनी सही केली.