हवालदाराच्या जीपवर चार तारे

भाऊ फौजेतून रिटायर होऊन अकोल्याला उतरणार म्हटल्यावर मी अंबाल्याहून निघालोच. मी तिकडं छावणीजवळच्या दुकानात फौजेचे झेंडे शिवतो. आठवी नापास आहे, पण कोणत्या अफसराच्या गाडीला किती तारे, हे झोपेतही सांगतो.

दिल्लीहून भुसावळ, तिथून अकोला. रिझर्व्हेशन आधीच करा, मी उभ्यानं आलो. अकोला स्टेशनबाहेर तर्री पोहे मात्र खाच, डोळ्यातून पाणी येईपर्यंत.

पोहे हातात असतानाच अमरावतीच्या पुढच्या आमच्या गावच्या मंडळाची उघडी जीप आली. बोनेटवर लाल झेंडा, त्यावर चार सोनेरी तारे. मी प्लेट खाली ठेवली अन् ओरडलो,

"अबे, चार तारे फौजेच्या सगळ्यात मोठ्या साहेबाच्या गाडीले असतात! भाऊ हवालदार आहे."

मंडळाचा पप्या म्हणे, "मंग काय हवालदाराच्या तीन फितीचं पोस्टर लावू? कोणाले समजते बे इथं?"

तेवढ्यात भाऊ काळी ट्रंक घेऊन आला. पुढारी हार घेऊन जीपमध्ये आधीच चढले होते. भाऊनं झेंडा पाहिला, पलटणीनं निरोपाला दिलेली शाल गळ्यातून काढली अन् त्यावर गुंडाळली. साहेब गाडीत नसला की फौजेत झेंडा झाकतात. पप्यानं शाल ओढून काढली.

"फोटो खराब होते ना, भाऊ!"

"मी ज्याले अठरा वर्षं सॅल्यूट ठोकला, त्या झेंड्यामागं बसू का?"

"हवालदार साहेब, पब्लिकचा मूड नका घालवू," पुढारी म्हणाले. भाऊ चढला नाही. पुढाऱ्यांनी ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली अन् डीजेसकट मिरवणूक निघून गेली! ज्याची मिरवणूक, तो फुटपाथवर!

आम्ही ऑटोनं स्टँडवर गेलो, अमरावतीची एसटी पकडली. मूर्तिजापूर, बडनेरा करत दोन-अडीच तास लागतात. अमरावतीत भाऊला गिला वडा खाऊ घातला. तो निवांत खात होता, मीच फणफणत होतो.

"राग नाही येत तुले?"

"जनरल केलं त्याचा नाही येत," भाऊ म्हणाला. "हवालदार पुरला नाही, त्याचा येते."

नांदगाव पेठच्या पुढं आमचा फाटा. तिथं माय आरतीचं ताट घेऊन एकटीच उभी. जीप गावात पोचल्यावर तिनं आत पाहिलं होतं, पुढाऱ्यांना विचारलं होतं, "माहा पोरगा कुठी हाय?" शेवटी तिनं मलाच फोन लावला. मग आमच्याच वावरातल्या झेंडूचा हार घेऊन ती फाट्यावर आली. तिनं भाऊला ओवाळलं अन् रडत म्हणाली, "हवालदार आला माहा."

अंबाल्याला परत येऊन महिना झाला, राग उतरला नाही. काल पप्याचा फोन आला.

"बाजूच्या गावचा एक रिटायर होऊन राहिला. अस्सल झेंडा पाठव ना, चार ताऱ्याचा."

"रँक?"

"लान्स नायक." म्हणजे हवालदाराच्याही दोन पायऱ्या खाली.

"मंग पोस्टरवर मोठ्या अक्षरात लान्स नायक लिही. झेंडा नाही भेटत."

"लान्स नायक लिहून गर्दी येईन का बे?"

"नाही आली तर नको येऊ दे. मी येतो."