घर शेवटी कुणाकडं राहतं

विमलमावशीचा फोन सकाळी आला. "पोरी, तुझी आत्या गेली गं..." एवढंच बोलून तिनं फोन शेजारणीच्या हातात दिला. मी बीडहून अंबाजोगाईला पोचेपर्यंत आमच्या काकांनी सगळं ताब्यात घेतलं होतं. काका सहकारी साखर कारखान्याचे संचालक, त्यांना ते जमतंच. मावशी मात्र स्वतःच्याच घरात दाराशी परक्यासारखी उभी होती.

आत्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची, मावशी दवाखान्यात नर्स. दोघी तरुणपणापासून एकत्र राहत. आमच्याकडं मावशीला 'आक्काची पाहुणी' म्हणत. निम्मं आयुष्य मुक्कामाला राहिलेली पाहुणी! आत्या त्यावर नुसती हसायची. तिला वेड होतं इंग्रजीतल्या लेस्बियन साहित्याचं, बाईवर जीव लावणाऱ्या बाईच्या गोष्टींचं. भाजी निवडता निवडता मला सांगायची, की जुन्या कादंबऱ्यांत हे प्रेम नाव न घेता, आडून आडून यायचं. पुढं नाव घ्यायचं धाडस आलं, तर खटले झाले, पुस्तकं जप्त झाली. आणि शेवट ठरलेला... एक मरायची नाहीतर लग्न करून जायची, दुसरी पिशवी उचलून घराबाहेर. फार उशिरा लेखिकांनी दोघींना एका छताखाली म्हातारं होऊ दिलं. "हे साहित्य किती पुढं आलं, ते कसं वळखायचं सांगू का?" ती म्हणायची, "शेवटी घर कुणाकडं राहतं ते बघायचं."

दहाव्याला नदीत पाण्याचा टिपूस नव्हता. पिंड ठेवला आणि हात जोडायच्या आत कावळा शिवला. एरवी कावळा अडून बसतो, मग नातेवाईक गेलेल्या माणसाला एकेक वचन देतात. तेव्हा मावशीचं नाव घ्यायचं, असं मी मनाशी ठरवून आले होते. पण दुष्काळातले उपाशी कावळे, ते कशाला थांबतात? "आक्काची कायबी इच्छा मागं राहिली न्हाई," काका समाधानानं म्हणाले. मला त्या कावळ्याचा इतका राग आला, की रडूच फुटलं.

घरी येताच काकांनी विचारलं, "विमलबाई, मग गावाकडं कधी निघताय?"

"हेच माझं गाव हाय. मी कुठं जाऊ?" मावशी म्हणाली.

"काका, आत्याची एकच इच्छा होती. मावशी इथंच राहणार," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. काका चप्पल घालून निघून गेले. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

परवा मी मावशीकडं गेले, तेव्हा गल्लीत टँकर आला होता. घरात राहणाऱ्या माणसामागं एकच घागर मिळायची. मावशी दोन घागरी घेऊन रांगेत उभी राहिली. बायकांनी काही न विचारता दोन्ही भरू दिल्या. एका घागरीत आम्ही दिवसभर भागवलं, चहासुद्धा अर्धा अर्धा कप. संध्याकाळी ती संपली, म्हणून मी दुसरीवरचं झाकण काढलं.

"ती ऱ्हाऊ दे," मावशी म्हणाली. "तिची हाय."