कविताचं वजन माझ्या हातात

नजर, करणी, असलं काही मी मानत नाही. अब्बूंच्या शिवणकामाच्या दुकानात येणाऱ्या बाया असल्या गोष्टी सुरू करायच्या, तेव्हा मी हसून उठून जायची. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय...

मी बल्लारपूरची. स्टेशनजवळच्या एका जिममध्ये पॉवरलिफ्टिंग करते. आमच्या वजनगटात मीच पुढे होते — कविता येईपर्यंत. ती चिमूरकडची, घरचे तलावात मासे धरणारे. वर्षभरात तिनं मला गाठलं. जिमचे सर तिचे व्हिडिओ काढायला लागले, माझे काढणं बंद झालं. माझा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू?

राज्यस्पर्धेला दोघींपैकी एकच जाणार होती. सरांनी डेफिसिट डेडलिफ्टवर ठरवायचं म्हटलं. म्हणजे ठोकळ्यावर उभं राहून खाली जमिनीवरचा बार उचलायचा. पाय उंचावर असल्यानं जास्त वाकावं लागतं, मांड्यांचा कस लागतो.

निवडीच्या दिवशी सकाळी पहिली पाळी माझी. बार गुडघ्याखालीच अडला, सोडून दिला. मग कविता. मी भिंतीशी बसले. मनात एकच — हिच्याच्यानंही हलू नये.

तिनं बार धरला... आणि माझ्या तळहातात लोखंड रुतलं. मुठी आपोआप वळल्या, मांड्या थरथरल्या, कंबर ताणली गेली. तिनं बार खाली टेकवला, तेव्हा माझ्याही अंगावरचं ओझं उतरलं.

सर म्हणाले, "कविता, आज तर आरामात उचललं."

"मलेच समजून नाई राह्यलं सर. कोणीतरी संगं उचलून राह्यलं असं वाटलं."

आपणही नुकताच बार ओढला होता, त्याचीच कळ असेल, असं मी स्वतःला समजावलं. निवड तिचीच झाली, आणि रागानं मी जिमला जाणं बंद केलं.

स्पर्धेच्या दिवशी मी दुपारी दुकानात ब्लाउजला हूक लावत होते. एकदम सुई हातातून पडली. तेच ओझं, पण कितीतरी जास्त. मी खुर्चीवरून अर्धवट उठले आणि तशीच थांबले.

"काय झालं बेटा? हात काऊन असे धरले?" अम्मीनं विचारलं.

ओझं सुटल्यावर मुठी उघडल्या. दोन्ही तळव्यांवर बारच्या खरखरीत नक्षीचे लाल वळ होते. कितीतरी दिवसांत मी बारला शिवलेही नव्हते. अम्मीनं ते वळ पाहिले, म्हणून तरी बरं...

संध्याकाळी कविताचा फोन आला.

"दीदी, मेडल भेटलं. शेवटची लिफ्ट माझ्याच्यानं होतच नव्हती. मंग अचानक उचलली गेली."

"किती वाजता?" मी विचारलं.

माझ्या हातातून सुई पडली, तीच वेळ तिनं सांगितली.

वळ पाहून डॉक्टर म्हणाले, ॲलर्जी असेल. कसली, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मी आता पुन्हा जिमला जाते. कविता शेजारीच असते. तिनं स्पर्धेत उचललेलं वजन मी लावून पाहिलं, माझ्याच्यानं जागचंही हललं नाही. मग त्या दुपारी ते माझ्या अंगावर कसं आलं, आजही कळलेलं नाही... आणि खरं सांगू, मला त्याची भीती वाटत नाही. तिच्यासाठी उचललं गेलं, याचाच राग येतो.