अण्णांच्या पोटातलं पाणी

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन नांदेडला झालं. सुट्टी मिळाली तेव्हा दवाखान्यानं दिलेला इंग्रजी कागद वाचू शकणारा घरात मी एकटाच; आमच्या भावकीतला पहिला बी.ए. मीच. सगळा कागद मोठ्यानं वाचून मी मराठीत समजावला. 'लिम्फोसील' हा एक शब्द मला कळला नाही, म्हणून गाळला. शिकलेला माणूस अडखळतो हे घरच्यांना ठाऊक नव्हतं, आणि मीही ते कळू दिलं नाही.

तीन आठवड्यांनी अण्णांचा डावा पाय सुजला, ओटीपोट जड झालं. मला अवाक्षर न सांगता त्यांनी परस्पर ठरवून टाकलं, की कॅन्सर परत आला. मग झरी, राणीसावरगाव, सगळीकडच्या पाहुण्यांना फोन : "एकदा तोंड बघून जा." मला हे कळलं ते आत्याचा रडत फोन आला तेव्हा.

मी विचारलं तर म्हणाले, "तू कशाला घाबरायलास? पाहुण्यांच्या जेवणाचं बघ."

तसंच गाडीत घालून त्यांना नांदेडला नेलं. सोनोग्राफी करून डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनात गाठी काढताना बारीक वाहिन्या कापल्या जातात. त्यातलं पाणी झिरपून साचलंय, ते पायाच्या शिरेला दाबतंय. लिम्फोसील. कागदावर लिहिलं होतं की."

मी पंख्याकडे बघत राहिलो. डॉक्टरांनी मला झापलं नाही, याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

पोटात बारीक नळी बसवली. पिवळसर पाणी पिशवीत उतरू लागलं. ते तपासायला पाठवलं आणि चौथ्या दिवशी रिपोर्ट आला : कॅन्सर नाही.

अण्णांनी डोळे पुसले. मग हळूच म्हणाले, "लय पंचाईत झाली. पाहुणे येऊन बसले असतील."

बसलेच होते. राणीसावरगावची आत्या, अण्णांची थोरली बहीण, गाडी दिसताच हंबरडा फोडून उठली. अण्णा पिशवी सांभाळत आपल्या पायांनी उतरले. हंबरडा मध्येच थांबला.

"आरं, तू तर चांगला हायस की!"

"हाव, अक्का."

"कापूस येचायचा टाकून आले मी!"

"चुकलं. आता जेवून जा."

ती जेवली, दोन दिवस राहिलीही. निघताना तिनं अण्णांचा पाय घोट्यापासून मांडीपर्यंत नीट चाचपून बघितला. सूज उतरली होती.

"आता मेल्याबिगर फोन करू नकोस," म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावून एसटीत चढली.