पूर्वानुमानाची लेखी परीक्षा

बोईसरच्या आमच्या कॉलेजातले बास्केटबॉलचे सर पालघरला दोन दिवसांचं शिबिर करून आले, ते ज्ञानी होऊनच. चांगला आक्रमक खेळाडू चेंडू कुठे जाणार हे आधीच ओळखतो, असं त्यांना तिथे कळलं होतं. तसं ओळखणारी एक मुलगी आमच्या संघात होती. शिरगावहून दोन गाड्या बदलून यायची आणि समोरचीला कळायच्या आत बास्केटखाली पोचायची. पण हे सरांना नुसतं डोळ्यांनी दिसत होतं, त्याला काही पुरावा म्हणत नाहीत. पुढच्या सामन्याला जिल्हा संघ निवडणारे दोघे येणार होते. त्यांच्यासमोर आक्रमण कोण करणार, हे ठरवायला सरांनी आमची लेखी परीक्षा घेतली.

पडद्यावर सामन्याचा व्हिडिओ लागायचा, पास सुटायच्या आधी थांबायचा, आणि चेंडू कुठे जाईल ते आम्ही कागदावर लिहायचं. व्हिडिओ कुठला, तर आमच्याच मागच्या सामन्याचा, सरांनीच मोबाईलवर काढलेला. महिनाभर ग्रुपवर पडून होता. त्यात माझी आयुष्यातली एकमेव देखणी बास्केट असल्यामुळे मला तो तोंडपाठ होता. मला पैकीच्या पैकी मिळाले.

ती नापास झाली. व्हिडिओतले निम्मे पास तिचेच होते, पण स्वतःचा खेळ बघत बसायची तिला हौस नव्हती. थांबलेल्या चित्राकडे बघत ती म्हणाली, "सर, पोरी हलतच नाय, तं मला कसं कळंल?" सरांनी शून्य मांडलं. मी व्हिडिओबद्दल अवाक्षर काढलं नाही.

सामना पालघरला झाला. समोरच्या मुलींनी आमचा व्हिडिओ पाहिलेला नसल्यामुळे त्या मनाला येईल तशा खेळत होत्या. मी डावीकडे धावले की चेंडू उजवीकडे. ती बाकावर बसून प्रत्येक पासआधी ओरडून मला सांगत होती, उजवीकडे, मागे, आता आत घूस. एकदाही चुकली नाही. सरांनी तिला गप्प बसवलं, माझी एकाग्रता भंग होते म्हणून.

मध्यंतरात सरांनी मला विचारलं, "दमलीस का? बदली देऊ?" ती बाकावरून अर्धी उठलीसुद्धा होती. निवडणारे दोघे समोरच चहा पीत होते. लाज वाटत होती, तरी मी नाही म्हटलं.